जंगलाचा व्यापारी, जिल्ह्याचा आमदार

महाराष्ट्रातल्या राजकारण्यांची चरित्रे आपल्याला बहुतेक ठरलेल्या वाटांनी भेटतात. एक वाट स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगातून येते, दुसरी सहकारी साखर कारखान्याच्या फाटकातून, आणि मुंबईपुरते बोलायचे तर तिसरी गिरणगावच्या चाळींतून. आणखी एक वाट आहे आणि तिच्याकडे मराठी चरित्रकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. ती जंगलातून येते. सागवान, बांबू, डिंक, लाख, मोहफूल आणि तेंदूपत्ता यांच्या व्यापारावर पूर्व विदर्भात पेढ्या उभ्या राहिल्या. त्या पेढ्यांतली काही माणसे पुढे सार्वजनिक जीवनात आली, निवडून आली आणि आपल्या जिल्ह्याचा चेहरा बदलून गेली. गोंदियाचे मनोहरभाई पटेल हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. 9 फेब्रुवारी 1906 रोजी नडियादला जन्मलेला हा माणूस गोंदियात येऊन विडीच्या धंद्यात वर चढला, काँग्रेसचा आमदार झाला, 1958 मध्ये त्याने गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1970 मध्ये तो गेला. अशा आयुष्याचा परिचय करून देताना माणसाआधी त्याच्या धंद्याचा परिचय करून द्यावा लागतो. या प्रस्तावनेत मी तेच करणार आहे.

मुंबईच्या उपनगरांतल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल, पण तो तितका दूर नाही. मुलुंड आणि भांडुपच्या रस्त्यांवरच्या लाकडाच्या वखारी, ओशिवऱ्याच्या बाजारातले जुने सागवानी दरवाजे, घाटकोपरच्या पानपट्टीवर मिळणारा विडीचा कट्टा या साऱ्यांचे मूळ कुठल्या तरी रानात आहे आणि त्या रानात एक लिलाव झालेला आहे. घाटकोपर-मुलुंडला गुजराती आणि कच्छी व्यापारी कुटुंबे आपल्या शेजारी पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांच्या पेढ्या, त्यांच्या संस्था, त्यांनी बांधलेली रुग्णालये आणि शाळा आपण पाहत आलो. मात्र असेच गुजराती व्यापारी शंभर वर्षांपूर्वी नागपूरच्याही पलीकडे जाऊन झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, स्थिरावले आणि तिथल्या बाजाराला व राजकारणाला त्यांनी वळण दिले, हा इतिहास मुंबईत फारसा कुणाला ठाऊक नाही.

जंगलाच्या व्यापाराचे एक वैशिष्ट्य आधीच ध्यानात घ्यायला हवे. कापडाचा व्यापारी गिरणीकडून माल घेतो, धान्याचा व्यापारी शेतकऱ्याकडून घेतो. जंगलाच्या व्यापाऱ्याला माल घ्यावा लागतो तो बहुतांशी सरकारकडून. 1864 मध्ये डिट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. 1865 आणि 1878 च्या कायद्यांनी राखीव आणि संरक्षित जंगले आखली, आणि 1927 च्या कायद्याने त्या व्यवस्थेला आजचे रूप दिले. तेव्हापासून झाडाच्या प्रत्येक नगामागे एक सरकारी कागद आला. कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, आखायचा वन खात्याने, झाडांवर हातोड्याचा ठप्पा मारायचा वन खात्याने, लिलाव पुकारायचा वन खात्याने, आणि तोडलेला माल नाक्यावरून पुढे जायचा तोही वन खात्याच्या वाहतूक परवान्यावर. असा धंदा करणारा माणूस पहिल्या दिवसापासून सरकारच्या दाराशी उभा असतो. रेंजर, डीएफओ, कलेक्टर आणि मंत्री यांच्याशी बोलण्याची, अर्ज लिहिण्याची, नियमाचा अर्थ लावण्याची आणि लावून घेण्याची सवय त्याला धंद्यातच लागते. म्हणून त्याचे राजकारणात येणे आश्चर्याचे नाही. त्या दाराच्या आत गेल्यावर तो कुणासाठी बोलला, हा खरा प्रश्न आहे.

गोंदियाच्या बाबतीत हे दार आणखी निराळे होते, कारण तिथे जंगलाचा मालक नेहमी सरकारच असायचे असे नव्हते. 1861 मध्ये झालेल्या मध्य प्रांतात मालगुजारीची पद्धत होती. गावाचा मालगुजार सारा भरायचा, तळी बांधायचा, आणि गावालगतचे रानही त्याच्याच ताब्यात असायचे. रयतेला जळण, काटक्या, बैलगाडीपुरते लाकूड मिळायचे ते निस्ताराच्या हक्काने. विडीच्या पानांचा व्यापारी अनेकदा या मालगुजाराशी करार करायचा: अमुक वर्षे तुमच्या रानातली तेंदूची पाने आमची. भंडारा जिल्ह्यातले बोड्या-तलाव जसे मालगुजारीची आठवण ठेवून आहेत, तशीच या पानांच्या करारांची कागदपत्रेही त्या काळाची साक्ष आहेत.

आता त्या पानाविषयी. मराठीत टेंभुर्णी म्हणून ओळखले जाणारे हे झाड उन्हाळ्यात नवी, मऊ, चामड्यासारखी चिवट पाने देते. गुजरातेत आधी आपट्याच्या पानात विड्या वळल्या जात. विक्रम संवत छप्पन्नच्या दुष्काळानंतर, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, गुजराती व्यापारी जबलपूरच्या बाजूला आले तेव्हा त्यांना तेंदूचे पान सापडले, आणि हे पान आपट्यापेक्षा कितीतरी सरस ठरले. ते वाळल्यावर फाटत नाही, भिजवल्यावर पुन्हा मऊ होते, सावकाश जळते आणि तंबाखूच्या चवीत ढवळाढवळ करत नाही. त्या एका पानामुळे जबलपूर, सागर, गोंदिया आणि भंडारा हा पट्टा देशाच्या विडी उद्योगाचे माहेरघर बनला.

पान रानात होते, पण तंबाखू रानात नव्हता. तो होता चरोतरात, म्हणजे खेडा जिल्ह्याच्या काळ्या-गोराडू जमिनीत, नडियाद आणि आणंदच्या आसपास. चरोतरच्या पाटीदारांना तंबाखूची प्रत, भाव आणि पत या तिन्ही गोष्टी घरातच शिकायला मिळत. तो तंबाखू ज्या पानात भरायचा ते पान आणि ज्या हातांनी वळायचा ते हात शेकडो मैल पूर्वेला होते. या दोन टोकांना जोडले रेल्वेने. बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग गोंदियावरून गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून उत्तरेला जबलपूरकडे आणि दक्षिणेला चांद्याकडे अरुंद मापाचे रुळ पडले. चार दिशांच्या गाड्या जिथे भेटतात असे हे ठाणे तंबाखूचे वॅगन उतरवायला, तेंदूच्या बोदांचा, म्हणजे पोत्यांचा, साठा करायला आणि तयार विड्यांच्या पेट्या कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत पाठवायला नेमके सोयीचे होते. नडियादचा मुलगा गोंदियात का आला, याचे उत्तर या नकाशातच आहे.

मनोहरभाईंच्या हाती फारशी शिदोरी नव्हती, शाळेचे शिक्षण तर अगदीच थोडे, असे गोंदियात आजही सांगितले जाते. पेढीवरच्या नोकरीपासून मालकीपर्यंतचा त्यांचा प्रवास तिथे दंतकथेसारखा सांगितला जातो, आणि दंतकथेत असते तसे त्यात काही वाढलेले असणारच. चरित्र वाचताना त्या दंतकथेपेक्षा धंद्याची रीत पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण माणूस घडला तो त्या रीतीत.

तेंदूचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांचा. त्याआधी झुडपांची छाटणी करून नवी पालवी फुटू द्यायची. मग पहाटे, ऊन चढायच्या आत, बायका-मुलांसह सारे घर रानात जाते. दुपारी अंगणात बसून पाने जुळवायची आणि त्यांचे पुडे बांधायचे. महाराष्ट्रात पुडा सत्तर पानांचा. संध्याकाळी ते पुडे गावच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचे. तिथे मुन्शी पुडे मोजतो, काही घेतो, काही खराब म्हणून बाजूला टाकतो. उन्हात वाळलेले, उलटवलेले, पाणी शिंपडून बोदांत भरलेले पान गोदामात जाते. हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असतो, आणि एका वळवाच्या पावसाने सगळा माल काळा पडू शकतो. शेतात काम नसते अशा दिवसांत गोंड, पोवार, कुणबी, दलित अशा सगळ्या घरांना रोख पैसा देणारे हे एकच काम. खरिपाचे बियाणे कित्येक घरांत याच पैशातून येते.

विडी वळण्याचे काम बाराही महिने चालते. पाने आणि तंबाखू मोजून घरी न्यायचा, मांडीवर सूप घ्यायचे, पान भिजवून कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मुडपायचे, सुताने बांधायचे. हजार विड्यांचा हिशेब हे या कामाचे माप. कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे माल परत नेला की तपासणी होते, आणि छाट निघते. छाटीतल्या विड्यांची मजुरी मिळत नाही. मालक आणि वळणारी बाई यांच्यामध्ये ठेकेदार असल्यामुळे ही बाई नेमकी कुणाची कामगार, हा प्रश्न दशकानुदशके भिजत पडला. 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा आणि 1976 चा कल्याण निधी कायदा हे त्या प्रश्नाला संसदेने दिलेले उत्तर होते. ते किती अपुरे आहे हे वळणाऱ्या बाईलाच विचारावे.

एवढे सांगितल्यावर राजकारणाचा धागा हाती येतो. गोंदियाच्या विडी पेढ्या आणि लोकप्रतिनिधित्व यांच्यातले नाते देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि तेही प्रजासत्ताकाच्या पहिल्याच निवडणुकीत. चतुर्भुज जसानी हे मुलजी सिक्का आणि कंपनी या विडी पेढीचे भागीदार. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पेढीचा सैनिकांसाठी विड्या पुरवण्याचा केंद्र सरकारशी व्यवहार चालू होता. सरकारशी मालाच्या पुरवठ्याचा करार असलेला माणूस त्याच सरकारवर लक्ष ठेवणाऱ्या सभागृहात बसू शकतो का, असा सवाल उभा राहिला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बसू शकत नाही. निवडणूक रद्द झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पराभूत झाले, हे अनेकांना माहीत असते. ती पोटनिवडणूक ज्या खटल्यातून उद्भवली त्याचा एक धागा विडीच्या धंद्यात होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

दुसरा खटला पानांचा. मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 पासून मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. मग मालगुजारांनी व्यापाऱ्यांना आधीच विकलेल्या पानांचे काय? छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी ही पेढी इतर व्यापाऱ्यांसह सर्वोच्च न्यायालयात गेली. मनोहरभाईंच्या कुटुंबाचा उद्योग पुढे ज्या सीजे नावाने ओळखला गेला, ती आद्याक्षरे याच पेढीची. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूने लागला: पाने विकत घेतली म्हणजे जमिनीत हक्क मिळाला असे नव्हे, म्हणून जमीन सरकारजमा झाली तरी करार शाबूत. पण 1958 मध्ये शांताबाई खटल्यात रानातले लाकूड तोडण्याच्या हक्काविषयी, आणि 1959 मध्ये महादेव खटल्यात तेंदूपानांविषयी न्यायालयाचा कौल उलट गेला. वर्षानुवर्षे रानात जाऊन पाने-लाकूड काढण्याचा हक्क हा जमिनीशीच जोडलेला हक्क आहे आणि तो आता राज्याकडे आला, असे ठरले.

या निकालांकडे केवळ वकिलांचे खाद्य म्हणून पाहू नये. त्या आठ-नऊ वर्षांत जंगलाच्या व्यापाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. मालगुजार गेला होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, म्हणजे राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. ज्या सरकारशी बोलायचे ते सरकारच चार वर्षांच्या आत दोनदा बदलले. अशा काळात गोंदियातला एक गुजराती विडी उद्योजक काँग्रेसचा आमदार म्हणून वावरतो, आणि मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी बोलणाऱ्या मतदारांना तो आपला वाटतो, ही गोष्ट पैशाच्या जोरावर घडली असे म्हणून सोडून देता येत नाही. पैसा गोंदियात इतरांकडेही होता.

माझ्या मते याचे उत्तर 1958 मध्ये सापडते. त्या वर्षी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन झाली. गोंदियाचे धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, साकोली आणि देवरीची मनोहरभाईंच्या नावाची महाविद्यालये, अशी ही संस्था जिल्हाभर पसरली. देवरी आणि साकोली ही गावे नकाशावर पाहा: एका बाजूला नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल, दुसऱ्या बाजूला छत्तीसगडची सीमा. नागपूरला मुलगा शिकायला ठेवणे तिथल्या बापाला परवडण्यासारखे नव्हते, मुलीला ठेवणे तर कल्पनेतही नव्हते. ज्या घरांनी पाने तोडली आणि विड्या वळल्या त्या घरांच्या उंबऱ्याजवळ शाळा-महाविद्यालय आणणे हे गोंदियाने त्यांच्या नावे जमा केले आहे. पाण्याबाबतही तसेच. बाघ आणि इटियाडोह या सिंचन प्रकल्पांसाठी त्यांनी केलेल्या पाठपुराव्याचे ऋण धानपट्ट्यातला शेतकरी आजही बोलून दाखवतो. दरवर्षी 9 फेब्रुवारीला गोंदियात त्यांच्या जयंतीला गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. त्यांचे पुत्र प्रफुल्ल पटेल पुढे केंद्रात मंत्री झाले. पण या चरित्राचे महत्त्व त्या घराण्याच्या पुढच्या यशावर अवलंबून नाही.

इथे ठाण्याची आठवण होणे अटळ आहे, आणि मुंबईच्या वाचकाने ती करावीच. जव्हार, शहापूर, डहाणूच्या कुपांतले लाकूड आपल्या महानगरात येत होते. तिथेही ठेकेदार होते, आणि वारली मजूर होते. 1945 पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, गवतकापणी आणि जंगलतोडीच्या कामासाठी योग्य मजुरी मागितली, गोळीबार सोसला. तिथे जंगलातून राजकारणात येण्याची वाट ठेकेदाराने नव्हे, मजुरांच्या संघटनेने तयार केली आणि 1957 मध्ये शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर गेले. एकाच राज्याच्या दोन टोकांना जंगलाने दोन प्रकारचे प्रतिनिधी दिले. एकाने मजुराला हक्क मागायला शिकवले, दुसऱ्याने मजुराच्या मुलाला शाळा दिली. पहिले काम दुसऱ्याने भागत नाही आणि दुसरे पहिल्याने भागत नाही. चरित्र वाचताना हे दोन्ही समोर ठेवले तर मनोहरभाईंचे मोठेपण कमी होणार नाही, ते नेमके कशात होते हे मात्र स्पष्ट दिसेल.

या आयुष्याच्या शेवटी आणखी एक वळण आले. मध्य प्रदेशने 1964 मध्ये तेंदूपत्त्याचा व्यापार राज्याच्या हाती घेतला होता. महाराष्ट्राने 1969 मध्ये वनोपज व्यापार नियमनाचा कायदा केला. व्यापाऱ्याने मालकाशी खासगी करार करून पाने उचलण्याचे दिवस संपले. युनिट पाडून लिलाव आणि सरकारने ठरवलेला तोडाईचा दर हे नवे चलन झाले. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, मनोहरभाई गेले. मालगुजाराच्या काळात सुरू झालेले हे आयुष्य राज्याच्या मक्तेदारीच्या उंबरठ्यावर संपले. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान गौण वनोपजात मोजले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोली आणि गोंदियातल्या काही ग्रामसभा गेल्या दशकापासून स्वतः लिलाव पुकारू लागल्या आहेत. लिलावाच्या टेबलाच्या ज्या बाजूला आधी मालगुजार आणि मग वन खाते बसे, तिथे आता पाने तोडणारी बाई बसू शकते. गेल्या शंभर वर्षांत या धंद्यात झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे.

म्हणून या चरित्राच्या वाचकाला माझी विनंती अशी. यशस्वी माणसाची कथा म्हणून ते वाचाच. नडियादहून आलेल्या मुलाची ती कथा आहेच. पण प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी तपासत जा. माल कुणाच्या रानातून आला, मजुरी कुणाला किती मिळाली, आणि नफ्यातला किती वाटा त्याच मातीत परत गेला. उद्योगातून राजकारणात येणाऱ्यांची संख्या आज वाढते आहे. मुंबईच्या उपनगरांत तर बांधकामाच्या धंद्यातून सभागृहात जाण्याची वाट चांगलीच रुळली आहे. जमीन, परवाना आणि सरकारी निर्णय यांच्याशी ज्याचा धंदा बांधलेला आहे अशा प्रत्येक उमेदवाराला हेच तीन प्रश्न विचारता येतात. जसानींच्या खटल्यात न्यायालयाने घालून दिलेली रेघ कायद्याची आहे, ती कमीत कमी आहे. तिच्यापलीकडची रेघ मतदाराने आखायची असते. गोंदियाने आपल्या आमदाराकडे शाळा आणि पाणी मागितले आणि ते मिळवले. आपण आपल्या प्रतिनिधीकडे काय मागतो, हे ठरवायला या आयुष्याचा अभ्यास उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.